जुन्या गाडीचे काटे चुकीचे दाखवतात? नवीन सामान घेण्याआधी एवढं करा

बाबांची १९८४ ची पद्मिनी माझ्या हाती आली तेव्हा तिच्या डॅशबोर्डवरचा एकही काटा भरवशाचा नव्हता. पहिल्याच महिन्यात मुंबईहून नाशिकला परत येताना कसारा घाटात गाडी गचके देत बंद पडली. पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवत होता आणि टाकी ठणठणीत कोरडी होती. पुढच्या उन्हाळ्यात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. गॅरेजमध्ये 'हेड गॅस्केट गेलं' असं निदान झालं, हेड उतरलं, बिल पाच आकडी झालं, आणि गाडी बाहेर आली तेव्हा काटा जिथल्या तिथेच. खरा दोष नंतर घरी सापडला: सेंडरची (म्हणजे इंजिनाचं तापमान ओळखून काट्याला कळवणाऱ्या भागाची) वायर एका ब्रॅकेटवर घासून सोलली होती आणि इंजिनाला टेकत होती. वीतभर स्लीव्ह चढवल्यावर काटा खाली आला.

तेव्हापासून माझ्या दोन्ही गाड्यांचे आणि मित्रांच्या बऱ्याच गाड्यांचे काटे मी स्वतः तपासतो. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा महिंद्राची जुनी जीप नुकतीच घेतली असेल तर माझं एकच सांगणं आहे: मोजल्याशिवाय काहीही बदलू नका. जुन्या गाडीत वीज बॅटरीतून फ्यूज, किल्ली, काटा, वायर, सेंडर असा प्रवास करून बॉडीतून म्हणजे अर्थमधून बॅटरीकडे परतते. या साखळीतली कुठलीही कडी सैल झाली की दोष काट्याच्या माथी येतो. साखळी एका टोकाकडून तपासत गेलात तर बहुतेक वेळा अर्ध्या दिवसात उत्तर मिळतं.

१. हत्यारं आणि कागद जमवा

- साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्ट आणि ओहम, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, मोजणारा)
- दोन्ही टोकांना मगरीसारखे चिमटे असलेली तीन-चार मीटर लांब वायर
- १० ओहम आणि ३३ ओहमचे ५ वॉटवाले रेझिस्टर. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात किरकोळ किमतीत मिळतात
- लेझरचा लाल ठिपका टाकणारी तापमानाची गन
- पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पान्हे, पेचकस, थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची जोडणी) आणि थिंबल दाबायची पकड
- साधा यांत्रिक तेलदाबाचा गेज मिळाला तर उत्तम. नाहीतर मेकॅनिककडून तासाभरासाठी मागून आणा
- गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल किंवा निदान वायरिंगचा नकाशा
- वही

वहीला कमी लेखू नका. जुन्या गाडीची वायरिंग चाळीस वर्षांत पाच जणांनी आपापल्या सोयीने जोडलेली असते, त्यामुळे नकाशातला रंग आणि गाडीतला रंग जुळेलच असं नाही. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरला कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून लावा.

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय तेही आधी बघून घ्या. इंग्रजी धाटणीच्या काही जुन्या गाड्यांत प्लस टोक अर्थला असतं. खालचं सगळं मायनस अर्थ धरून लिहिलं आहे.

२. तक्रार नेमकी लिहा

'काटा चुकीचा आहे' एवढ्यावर शोध लागत नाही. काय होतं, कधी होतं, हे लिहून काढा. अनुभवाने सांगतो, निम्मं निदान इथेच होतं.

पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदमच जास्त किंवा एकदमच शून्य दाखवत असतील तर सेंडर तूर्तास विसरा. दोन स्वतंत्र सेंडर एकाच दिवशी बिघडत नाहीत. दोघांना मिळून वीज देणाऱ्या भागात दोष आहे.

हेडलाइट लावले की काटा सरकतो किंवा इंडिकेटरच्या तालावर थरथरतो, तर अर्थ खराब आहे.

खड्ड्यात गाडी आदळली की काटा उडी मारतो, तर कुठेतरी थिंबल सैल आहे नाहीतर वायर सोललेली आहे.

टाकीच्या ठरावीक पातळीलाच काटा मरतो आणि पुढे पुन्हा जिवंत होतो, तर टाकीतल्या युनिटची, म्हणजे पेट्रोलच्या सेंडरची, तार त्या जागी झिजली आहे.

३. व्होल्टेज मोजा

इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिनाचा वेग जरा वाढवल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास. त्याहून बरंच जास्त असेल तर चार्जिंग आवरणारा कटआउट किंवा रेग्युलेटर आधी दुरुस्त करा, कारण तोवर काट्यांची कुठलीही तपासणी व्यर्थ आहे.

आता किल्ली फिरवून काट्याच्या मागच्या पुरवठ्याच्या टोकावर मोजा. इंग्रजी घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत १९६० च्या दशकापासून काट्यांच्या आधी एक छोटी पत्र्याची डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्या आत तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी असते. ती सतत जोड-तोड करत राहते आणि काट्यांना सरासरी १० व्होल्ट पोचवते. म्हणून तिच्या बाहेरच्या टोकाला मीटर लावला की आकडा शून्य आणि बारा यांच्यामध्ये नाचताना दिसतो. नवख्याला ती बिघडली असं वाटतं, पण नाचणं हेच तिचं काम आहे. आकडा बाराच्या पुढे स्थिर असेल तर डबीचा अर्थ सुटलाय किंवा आतले पॉइंट चिकटलेत, आणि अशा वेळी दोन्ही काटे एकदम वर चढतात. आधी तिचा बॉडीला टेकणारा स्क्रू काढून गंज घासा; माझ्या पाहण्यात बरेच 'बिघडलेले' स्टॅबिलायझर एवढ्यानेच सुधारले. तरीही नाही सुधारला तर ७८१० नावाची १० व्होल्टची तीन पायांची चिप जुन्याच डबीत बसवता येते. ती फक्त मायनस अर्थ गाडीत चालते.

सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आणलेल्या जुन्या जीपमध्ये काटे मात्र सहा व्होल्टचेच राहून गेलेले असतात, हेही एकदा तपासा. दिंडोरीच्या माझ्या मित्राच्या जीपमध्ये नेमकं हेच निघालं.

४. अर्थिंग: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नाशिकचा पावसाळा, त्यातून गाडी त्र्यंबक-इगतपुरीकडे जात असेल तर विचारूच नका. बॉडी, इंजिन आणि टाकी यांच्यामधल्या प्रत्येक जोडावर गंज चढतो. वर कुणीतरी हौसेने पेंट मारलेला असतो, अंडरकोटिंग केलेलं असतं. वीज पेंटमधून जात नाही. नव्याने रंगवून आलेल्या चकचकीत गाड्यांचे काटे का चुकतात, याचं उत्तर बहुधा हेच असतं.

आधी टाकीजवळची पेट्रोलची वाफ मोकळ्या हवेत विरू द्या. मग लांब वायरचं एक टोक आधी टाकीतल्या युनिटच्या धातूच्या तबकडीला लावा आणि दुसरं टोक टाकीपासून लांब, थेट बॅटरीच्या मायनसला. हा क्रम पाळा, म्हणजे ठिणगी पडलीच तर ती टाकीजवळ पडणार नाही. किल्ली फिरवून मिनिटभर थांबा. काटा बरोबर जागी आला? मग युनिट चांगलं आहे, अर्थ खराब आहे. तबकडीच्या एका स्क्रूखालून चांगली जाड वायर चेसिसच्या घासलेल्या, उघड्या धातूवर कायमची जोडा आणि जोडावर ग्रीस लावा.

तापमानाचा आणि तेलाचा सेंडर इंजिनात बसतो, म्हणून त्यांचा अर्थ म्हणजे इंजिन आणि बॉडीमधली विणलेली पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर उभं असतं; पट्टी तुटली की वीज अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून नाहीतर स्पीडोमीटरच्या केबलमधून वाट काढते. हेडलाइट लावा, मीटरचं एक टोक सेंडरच्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर पट्टी बदला.

सापळा: सेंडरच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप. गळती थांबावी म्हणून मेकॅनिक ती भरपूर गुंडाळतात आणि सेंडरचा इंजिनाशी संपर्कच कमी होतो. बहुतेक सेंडरचे आटे निमुळते असतात, ते स्वतःच घट्ट बसतात. द्रव सीलंटचा एखादा थेंब पुरे.

५. वायर काढा, मग टेकवा

सेंडरची वायर काढून हवेत धरली की काटा एका टोकाला जायला हवा, अर्थला टेकवली की दुसऱ्या टोकाला. दोन्ही झालं तर काटा आणि वायर दोन्ही ठीक, संशय सेंडरवर. काहीच हाललं नाही तर हाच प्रयोग काट्याच्या मागच्या टोकावर करा. तिथे हालला तर मधली वायर तुटली आहे.

यात दोन गोष्टी सांभाळा. एक, वायर थेट अर्थला टेकवून ठेवू नका. तापून चालणारे जुने काटे हळू सरकतात, आपण वाट बघत राहतो आणि तेवढ्यात आतली तार जळते. म्हणून वायर आणि अर्थ यांच्यामध्ये रेझिस्टर धरा. दोन, हा प्रयोग टाकीच्या तोंडाशी करू नका, एक ठिणगी पुरेशी आहे. पेट्रोलच्या काट्यासाठी तो डॅशबोर्डमागेच करा.

६. टाकीतलं युनिट

युनिट म्हणजे तारेचं वेटोळं, त्यावर सरकणारी जीभ आणि टोकाला तरंगणारा फ्लोट. पेट्रोल कमी-जास्त झालं की जीभ सरकते आणि ओहम बदलतात.

इथला सगळ्यात महागडा गोंधळ म्हणजे वेगवेगळ्या घराण्यांचे ओहम. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एका प्रकारात रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतात. व्हीडीओ (VDO) या काटे बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीच्या एका प्रचलित प्रकारात रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. जुन्या फोर्डमध्ये रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १०, तर जनरल मोटर्सच्या १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या गाड्यांत शून्य ते ९०. काटा एका घराण्याचा आणि युनिट दुसऱ्याचं, तर दोन्ही नवेकोरे असूनही आकडा कायम खोटा. काही जोड्यांत तर टाकी भरली की काटा खाली जातो. दुकानदार 'सगळ्यांना चालतं' म्हणाला तरी मल्टीमीटर खिशातून काढा, फ्लोट हाताने वर-खाली करा, दोन्ही टोकांचे ओहम मोजा आणि मग पैसे द्या. जुनं युनिट पूर्ण मेलं नसेल तर त्याचे आकडे आधी वहीत उतरवून घेऊन जा.

काढण्याआधी बॅटरीचं टोक सोडवा. काम मोकळ्या हवेत करा, जवळ देवघरातली निरांजन, सिगारेट, चालू बल्ब काहीही नको. जुन्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, त्यामुळे वाफ थेट बसायच्या जागेत साठते. दारं, ताडपत्री सगळं उघडं ठेवा. टाकी अर्ध्याच्या खाली असू द्या.

युनिट हातात आलं की तीन तपासण्या:

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर त्याला छिद्र आहे, तो बुडतो आणि काटा नेहमी कमी दाखवतो. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे येतात. डाग देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण उडून जाऊ द्या, आणि डाग फक्त सोल्डरिंग आयर्नने, ज्योतीने कधीच नाही.

मल्टीमीटर लावून फ्लोट अगदी सावकाश सरकवा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच तुटला तर तार झिजली आहे. नुसता काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने जातो. पॉलिश पेपर इथे वापरू नका, केसासारखी तार तुटते.

गॅस्केट बघा. आता पंपांवर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर व कॉर्क बिघडवतं. नवं गॅस्केट इथेनॉल सोसणारंच मागा. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर वर्षातून एकदा युनिट काढून बघावं, असं माझं मत झालं आहे.

बसवल्यावर काटा थोडा पुढेमागे असेल तर फ्लोटची दांडी किंचित वाकवून जुळवता येतो. त्यासाठी टाकी जवळजवळ रिकामी करून पंपावर जा, सपाट जागी ५-५ लिटर भरून घ्या आणि दर वेळी दोन मिनिटं थांबून काटा कुठे आला ते वहीत लिहा. पंपावरच्या मुलाला आधी सांगून सकाळी लवकर जा, रांग नसते. हा तक्ता पुढे कुठल्याही काट्यापेक्षा जास्त कामी येतो, कारण टाकीचा आकार सरळ चौकोनी नसल्याने 'अर्धा' म्हणजे निम्मे लिटर नसतातच.

७. तापमान

काटा लाल पट्ट्यात गेला तर आधी तो खरा आहे असंच समजून गाडी थांबवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. इंजिन निवल्यावर पाणी भरा, पुन्हा चालू करा आणि गनने थर्मोस्टॅटच्या (इंजिनातून रेडिएटरकडे जाणारं पाणी आवरणाऱ्या झडपेच्या) धातूच्या घराचं तापमान मोजा. उघड्या चकचकीत धातूवर गन कमी आकडा दाखवते, म्हणून तिथे उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका मारून ठेवा आणि त्यावरच रोखा. गन ८५ दाखवते आणि काटा लाल, तर इंजिन उघडायची गरज नाही. हे मला त्या उन्हाळ्यात माहीत असतं तर हेड उतरलंच नसतं.

सेंडर तपासायला एक टाकाऊ पातेलं घ्या, स्वयंपाकाचं नको. सेंडरचं टोक पाण्यात बुडवा, शेजारी थर्मामीटर, आणि ५०, ७०, ९० अंशांना ओहम लिहा. तापमान वाढेल तसे ओहम उतरत गेले पाहिजेत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळत्या पाण्याला १०० धरून हिशोब केलात तर दोन अंशांची चूक होईल.

उलटा धोका जास्त वाईट. पाणी कमी झालं की सेंडर कोरडा पडतो, भोवती नुसती वाफ राहते आणि काटा खाली उतरतो. घाटात तापमान अचानक 'सुधारलं' तर आनंदू नका, लगेच थांबा.

काही गाड्यांत वायरऐवजी इंजिनपर्यंत बारीक तांब्याची नळी जाते. आत वायू होणारा द्रव सीलबंद असतो. ती नळी कापू, पिळू किंवा दुमडू नका. द्रव उडाला की काटा कायमचा मेला.

८. तेलाचा दाब आणि अँपिअर

दाबाचा काटा शून्यावर आला किंवा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. इथे 'सेंडर गेला असेल' असं म्हणून घरापर्यंत नेऊ नका. तेलाची पातळी बघा, मग सेंडर काढून त्या भोकात यांत्रिक गेज बसवा. तोच खरा साक्षीदार. गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे (मिनिटाला १००० फेऱ्यांमागे) सुमारे १० पीएसआय दाब हा जुना ठोकताळा आहे. मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच धरा.

सेंडर विकत घेताना आटे जुळवा. एनपीटी (अमेरिकी) आणि बीएसपी (ब्रिटिश) हे आटे अष्टमांश इंचात दिसायला सारखे, पण पहिल्यात इंचाला २७ वेढे आणि दुसऱ्यात २८. हाताने दोन-तीन वेढे सहज फिरत नसेल तर जोर करू नका. इंजिनाचा आटा गेला तर खर्च सेंडरच्या कित्येक पट.

जुन्या जीपच्या अँपिअर काट्यातून गाडीची बहुतेक सगळी वीज जाते. त्याच्या मागचे नट सैल असतील तर ते तापतात आणि वायरिंग पेटू शकते. बॅटरी सोडवून वर्षातून एकदा ते आवळा. हा काटा थेट बॅटरीच्या दोन टोकांवर कधीही जोडू नका.

९. स्पीडोमीटर

याला सेंडर नसतो, गिअरबॉक्सपासून येणारी केबल असते. काटा थरथरतो म्हणजे केबल कोरडी किंवा कुठेतरी जास्त वाकलेली. आतली तार काढून रॉकेलने धुवा आणि खालच्या दोन-तृतीयांश भागालाच पातळ ग्रीस लावा. वरपर्यंत लावलं तर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि काटा चिकटतो.

वेग मोबाइलच्या जीपीएसशी ताडा. अंतर ताडायला मुंबई-आग्रा महामार्गावरचे किलोमीटरचे दगड उत्तम, सलग १० किलोमीटर मोजा. टायरचा आकार बदलला असेल तर वेग आणि अंतर दोन्ही त्याच प्रमाणात चुकतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून हे काम त्याआधीच उरकून घ्या.

१०. शेवटी काटा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच क्लस्टर, म्हणजे काट्यांचा अख्खा संच, बाहेर काढा. आधी बॅटरीचं टोक, मग मागून स्पीडोमीटरची केबल, मग वायरी. मागच्या थिंबलवरचा हिरवट थर घासा, नट आवळा. पुष्कळदा काटा एवढ्यावरच सुधारतो. तबकडीवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. ओला फडका लावला की जुनी अक्षरं पुसली जातात आणि ती पुन्हा मिळत नाहीत.

काटा खरंच मेला असेल तर तो फेकू नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली आणि त्या टॅक्स्यांतून निघणारं सामान दर वर्षी कमी होत चाललंय. जुना काटा दुरुस्त करणारा कारागीर शोधा. नाशिकमध्ये द्वारका, मुंबई नाका भागातल्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनांना विचारा, त्यांना अशी माणसं माहीत असतात. क्लस्टरच बदलावं लागलं तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर आणि तारीख लिहून, फोटोसह गाडीच्या कागदांत ठेवा. पुढे कधी गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तर त्याला खरा आकडा कळायला हवा.

सगळं जोडून झालं की इंधनाचा तक्ता, सेंडरचे ओहम आणि गनचे आकडे एका कार्डावर उतरवा आणि ते डॅशबोर्डच्या खणात ठेवा. माझ्या कार्डावर सगळ्यात वर लाल शाईने पद्मिनीचा काटा पावावर येतो तेव्हा टाकीत खरोखर किती लिटर उरतात ते लिहिलंय. कसारा उतरायच्या आधी मी ते एकदा वाचतो.